करवंटीपर्यंत

मी खवणी बोलतेय. आवाज खरखरीत वाटला तर सांभाळून घ्या, लोखंडी दातांतून याहून गोड आवाज निघत नाही. नारळाची वाटी माझ्या दातांवर धरून गोल फिरवतात आणि खाली ताटलीत पांढरं खोबरं पडत राहतं, एवढाच माझा धंदा. शिक्षण म्हणाल तर माझ्या पोटाखाली सुताराच्या पेन्सिलीने लिहिलेले काही आकडे आहेत. मला उलटं केल्याशिवाय तेही वाचता येत नाहीत.

मला घडवलं आमच्या मिस्त्रींनी. त्यांची नवी नवरी दूर दक्षिणेकडून आली होती. तिने हौसेने मागितलं काय, तर माहेरी होती तशी बसून नारळ खवायची खवणी. मिस्त्रींनी तशी वस्तू जन्मात पाहिली नव्हती. ती हातवारे करून सांगायची: अशी मान पुढे, अशी पाठ रुंद, असं बूड मागे. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि दाराच्या चौकटीतून उरलेल्या लाकडाचं चक्क बदक केलं. लोहाराने दातेरी चकती ठोकून दिली, ती चोचीच्या जागी बसवली. नवरी पोट धरून हसली. मग हसता हसताच माझ्या पाठीवर बसली आणि तिने पहिला नारळ खवला. आता तिचे केस पांढरे झाले, तरी माझ्यासाठी ती नवरीच.

तिची एक भाजी होती. गाजर, फरसबी, सुरण, कच्चं केळं, भोपळा, शेवग्याच्या शेंगा, सगळं बोटाएवढं लांब चिरायचं. खोबरं, हिरवी मिरची, जिरं जाडसर वाटून त्यात घालायचं, मग दही. शेवटी आच बंद करून वरून कढीपत्ता आणि कच्चं खोबरेल. पहिल्यांदा तिने बाटली उचलली तेव्हा सासूबाई धावतच आल्या. सून भाजीला चंपी करायला निघाली, असं त्यांनी शेजारीपाजारी सांगितलं. जेवताना मात्र त्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि रात्री केसांना लावायला तेल उरलं नाही म्हणून कुरकुर केली.

खवण्याची तिची एक रीत होती. ती डोळ्यांनी बघायची नाही, कान द्यायची. ओलं खोबरं असतं तोवर माझा आवाज मऊ येतो, चुरचुर. करवंटी जवळ आली की मी खर्रकन ओरडते. तिथेच तिचा हात थांबायचा. त्यापुढे तपकिरी साल येते, चव तुरट होते. वाटीत पांढरा पापुद्रा राहिला तरी चालेल, पण माझ्या ओरडण्यापलीकडे ती कधी गेली नाही. एवढा मान मला दुसऱ्या कुणी दिला नाही. मिस्त्री तर येता-जाता मला पायाने सरकवायचे. मीही एकदोनदा त्यांच्या अंगठ्याचा समाचार घेतला आहे.

मग तिला तो ताप आला. ताप गेला, पण जाताना वास आणि चव घेऊन गेला. काहीही खाल्लं तरी ओला कागद चावल्यासारखं लागतं, असं ती म्हणायची. दोन घास घ्यायची आणि ताट सरकवायची. स्वयंपाक तर सोडूनच दिला. स्वतःला कळत नाही ते दुसऱ्याच्या पानात कसं वाढू, असं तिचं म्हणणं. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पोटात अन्न गेलं नाही तर औषधांनी काही होणार नाही. मला माळ्यावर टाकलं. तिथे एक मोडका पंखा आणि मी, दोघांनाही काही काम नाही.

एका रविवारी मिस्त्री शिडी लावून वर आले. मला फडक्याने पुसलं, दात घासले. म्हटलं, चुलीत घालतात की काय. पण त्यांनी बाजारातून नारळ आणला होता. आयुष्यात चहासुद्धा नीट न केलेला माणूस ती भाजी करायला निघाला होता. त्यांच्या लेकीने खोबऱ्याच्या कोरड्या चुऱ्याचं पाकीट पुढे केलं, तर म्हणाले, भुसा मला कारखान्यात भरपूर मिळतो.

नवरी आत झोपली होती. माझा आवाज ऐकून ती शिकवायला येऊ नये म्हणून त्यांनी मधलं दार लावलं, धूर ओढणारा पंखा सुरू केला. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसवेना, म्हणून लाकूड पकडायच्या शिकंज्याने मला ओट्यावर आवळून बसवलं. शेगडीच्या अगदी शेजारी.

मग कानावर पेन्सिल ठेवून भाज्या चिरायला घेतल्या. गाजरावर खुणा करायला लागले तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, भाजी करताय की खिडकी?" तुकडे मात्र असे सारखे झाले की त्यांची चौकट उभी राहिली असती. ते सगळे एकदम पातेल्यात टाकायला निघाले. लेकीने हात धरला. आई आधी कठीण भाज्या घालते, मऊ नंतर, असं तिने सांगितलं. मिस्त्रींनी विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आधी सागवान, मग देवदार." त्यानंतर त्यांना काही सांगावं लागलं नाही. सुरण आणि शेंगा पुढे, भोपळा सगळ्यात मागे.

आता माझी पाळी. नारळ छान खवला. मी खर्रकन ओरडले. थांबतील तर ते मिस्त्री कसले? जन्मभर रंधा मारलेला हात, गुळगुळीत झाल्याशिवाय थांबायचं त्याला माहीतच नाही. वरून पंख्याची घरघर. मी घसा फोडून ओरडत राहिले आणि त्यांनी वाटी आतून अशी साफ केली की पॉलिश करायला घ्यावी. ताटलीत पांढऱ्यात तपकिरी पडत गेलं. संपली भाजी, म्हटलं मी.

पण पुढचं मी पाहिलं. इतकी वर्षं मी जमिनीवर. माझं खोबरं वर जायचं, तिथे त्याचं काय होतं ते मला कधी दिसलंच नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा पातेल्याच्या आत पाहिलं. वाफेत शेंगा हिरव्यागार झालेल्या, भोपळ्याच्या कडा विरघळायला आलेल्या, आणि त्यांच्या मधोमध मिरची-जिऱ्यासोबत वाटलेलं माझं खोबरं पडलं. पडलं आणि पसरलं, प्रत्येक तुकड्याला कुशीत घेत गेलं. दही ओतलं. आच बंद केली. कढीपत्ता हाताने चुरडून टाकला, वरून खोबरेलाची धार सोडली आणि झाकण ठेवलं. थोड्या वेळाने झाकण उचललं तेव्हा जो वास उठला, त्याने मी, सगळ्यांची टर उडवणारी मी, गप्प झाले. हे मी करत होते? इतकी वर्षं?

नवरी उठून आली, टेबलाशी बसली. मिस्त्रींनी वाढलं आणि पाठ फिरवून ओटा पुसायला लागले. तो आधीच पुसलेला होता. तिने ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. औषध घ्यावं तसा खिडकीबाहेर बघत एक घास तोंडात घातला. चावता चावता थांबली.

"तुरट लागतंय," ती म्हणाली.

मिस्त्रींचं फडकं थांबलं. "काय म्हणालीस?"

"तुरट. करवंटीपर्यंत खवलंत ना? बदक ओरडलं नाही का तुमचं?"

लेकीने तोंडावर हात ठेवला. मिस्त्री खुर्चीत बसले. "अगं, परत एकदा बोल," एवढंच ते म्हणाले. मग कुठे तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. तिने घाईने दुसरा घास घेतला, मग तिसरा. प्रत्येक घासाला भाजीला नावं ठेवत होती आणि मिस्त्री मान खाली घालून, डोळे पुसत, प्रत्येक चूक कबूल करत होते.

चव एकदम परत आली नाही. आधी तुरट आलं, मग आंबट, गोड सगळ्यात शेवटी. पण ताट त्या दिवसापासून सरकवलं गेलं नाही.

आता मी पुन्हा जमिनीवर आहे आणि ती माझ्या पाठीवर. दोन दात झिजलेत, मान किंचित डुलते, बांगड्या मनगटाशी उतरल्या आहेत. माझा आवाज बदलला की तिचा हात थांबतो. मग ती हळूच मिस्त्रींकडे बघते, आणि करवंटीवरून एकच जास्तीचा फेरा मारते. मुद्दाम. जेवताना दोघं एकमेकांना विचारतात, लागलं का तुरट?

तुमच्याही घरी माळ्यावर माझी एखादी बहीण पडली असेल तर तिला खाली काढा. आणि काढताना बोटं सांभाळा. आम्हाला हसू आलं की दात आवरत नाहीत.