अबेना, एक किलोमीटरवर

दर मंगळवारी शाळेत टीचर अंतवींची मीटिंग असायची आणि घरातला कॉम्प्युटर त्यांच्या बायकोच्या, बिरागोच्या ताब्यात यायचा. बिरागो शिवणकाम करायची. लग्नाच्या कपड्यांचे नवे गळे, नव्या बाह्या बघायला तिला आठवड्यातला तेवढाच एक तास मिळे. एरवी त्या खुर्चीत टीचर ठाण मांडून. शाळा सुटली की ते अंत्यविधीच्या पुस्तिका तयार करत: मुखपृष्ठावर गेलेल्या माणसाचा फोटो, आत चरित्र, गाणी, मुलानातवंडांची यादी. बांतामा वस्तीत कुणी गेलं की घरचे लोक आधी शवागारात जात आणि मग टीचरांकडे.

त्या मंगळवारी तिने एक गळा उघडला आणि पडद्याच्या कोपऱ्यातून एक बाई टुणकन वर आली. भुवया कोरलेल्या, खांदे उघडे. खाली लिहिलेलं, ‘अबेना तुमची वाट बघतेय. एक किलोमीटरवर.’

हा तिसरा मंगळवार. पहिल्या मंगळवारी बिरागोने ती चौकट घाईघाईने बंद केली होती. दुसऱ्या मंगळवारी मनातल्या मनात अंतर मोजलं होतं. अबेना कोनामाचं घर बाजाराच्या पलीकडे, चालत पंधरा मिनिटं. म्हणजे एक किलोमीटरच की!

कोनामाची आई जाऊन महिना झाला होता; ती अजून शवागारातच होती, दफन येत्या शनिवारी होतं. पुस्तिकेच्या निमित्ताने कोनामा रोज संध्याकाळी यायची आणि टीचरांच्या शेजारी स्टूल ओढून बसायची. पंचेचाळिशीची, एकटी, काळ्या कपड्यांतही ठसठशीत. “टीचर, आईचा फोटो जरा मोठा करा ना.” “टीचर, आता थोडा उजेड वाढवा.” बिरागो मशीन चालवता चालवता ऐकायची आणि तिची शिवण वाकडी जायची. इतकी वर्षं संसार केला, या माणसाने आपला एक फोटो कधी मोठा केला नाही! चौकटीत फोटो दुसरीचा लावलाय म्हणून काय झालं, नाव लपतं होय? बांतामात अबेना नावाच्या शंभर बायका असतील, हे तिला ठाऊक होतं. पण बिरागोला जळायला एकच पुरे होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गळे राहिले बाजूला. तिने टीचरांनी तयार ठेवलेली पुस्तिका उघडली. पान चौथं, ‘मुलं’. सात नावं, पाचवं अबेना कोनामा. त्या नावाच्या शेवटी जाऊन तिने एकेक अक्षर खाऊन टाकलं. खालची दोन नावं निमूटपणे वर सरकली. यादीतून मुलाचं नाव गळणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिच्या मावशीच्या घरी अशाच एका नावावरून शवपेटी दारात अडली होती. तरीही त्या रात्री तिला महिनाभरात पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

बुधवारी सकाळी टीचर पेनड्राइव्ह छापखान्यात देऊन शाळेत गेले आणि दहाच्या सुमारास डेला आली. कॉम्प्युटर दुरुस्त करणारी ही मुलगी हातपाय जितके भरभर चालवायची तितकीच जीभही. बिरागोने तिला कॉम्प्युटर साफ करायला बोलावलं होतं. म्हणजे फोनवर तरी तसं सांगितलं होतं.

“साफ नंतर कर,” दार लावून घेत बिरागो म्हणाली. “आधी मला सांग, ही त्यांना कधीपासून लिहितेय? सगळं वाचून दाखव. मी रडणार नाही.”

“कोण लिहितंय, मॅडम?”

“अबेना!”

डेलाने कॉम्प्युटर लावला. थोड्या वेळाने कोपऱ्यातून तीच बाई वर आली, त्याच कोरलेल्या भुवया. ‘अकुआ तुमची वाट बघतेय. एक किलोमीटरवर.’

“ही तर अकुआ म्हणतेय,” डेला म्हणाली.

बिरागो बघतच राहिली. अकुआ म्हणजे ती स्वतः. बुधवारची जन्मलेली, अकुआ बिरागो. “हिने माझं नाव का घेतलं? एवढे खांदे उघडे टाकून?”

“आज बुधवार ना!” डेला खो खो हसत सुटली. “अहो मॅडम, जाहिरात आहे ही. काल मंगळवार म्हणून अबेना. उद्या गुरुवारची ‘या’, परवा अफिया, रविवारी अकोसुआ. कुणा दीडशहाण्याने तुम्हा लोकांची जन्मवारावरची नावं पाठ केलीत.”

“आणि एक किलोमीटर?”

“सगळ्यांना एकच किलोमीटर. माझ्या मामालाही. तो दोन दिवस पारावर जाऊन बसला होता.”

“मग टीचर मला बोलले का नाहीत?”

“काय बोलतील? ‘बायको, माझी सात जणी वाट बघतायत’?”

बिरागोला हसू आलं नाही. डेलाने मग बसवलेल्या प्रोग्रामांची यादी तारखेप्रमाणे लावली. महिन्यापूर्वी टीचरांनी पुस्तिकांसाठी फुकटच्या चौकटी उतरवून घेतल्या होत्या, फुलं आणि कबुतरं असलेल्या. त्यांच्या आडून हा पाहुणा घरात शिरला होता. डेलाने तो काढला, ब्राउझरला चिकटलेलं त्याचं पिल्लू काढलं, कोपऱ्यात सूचना दाखवायची परवानगी बंद केली, तपासणी लावली आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. कोपरा रिकामा राहिला.

त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघताना बिरागोला चौथं पान आठवलं. “डेला, काल पुसलेलं नाव आज परत येतं का ग?”

डेला उत्तर देणार तेवढ्यात दार धाडकन उघडलं. कोनामा उभी होती. एका हातात सहा अंड्यांचं भांडं, काखेत दारूची बाटली.

“टीचर कुठायत? छापखान्याने नमुना पाठवलाय. माझ्या आईला सहाच मुलं! माझ्या कुठल्या भावाने त्यांना मला पुसायला सांगितलं, तेवढं विचारायला आलेय. नाही सांगितलं तर अशीच अंतोआच्या नदीवर जाणार आणि ही अंडी फोडणार. ज्याने मला आईपासून तोडलं, तो शनिवारचं दफन बघायला राहणार नाही!”

अंतोआची नदी म्हणजे जागृत दैवत: अंडी फोडून, दारू ओतून गाऱ्हाणं घातलं की ती अपराध्याचा जीव घेते.  बिरागो गप्प बसली असती तर आळ घ्यायला भाऊ होतेच की. पण त्या नदीला भाऊ कोण आणि शेजारीण कोण हे बरोबर कळतं. अंडं ज्याच्या नावाने फुटायचं त्याच्याच नावाने फुटतं.

“भावांनी नाही,” ती म्हणाली. “मी पुसलं.”

“तू? मी तुझं काय खाल्लं होतं ग?”

“मला वाटलं तुम्ही माझ्या नवऱ्याची वाट बघताय. इथे लिहून यायचं. वर रोज येऊन बसायचात, फोटो मोठा करा, फोटो मोठा करा. मी जळले, सिस्टर. वेड्यासारखी जळले.”

कोनामाने काखेतली बाटली खाली ठेवली. मग भांडं टेबलावर ठेवून स्टुलावर बसली. “घरात आईचा एकच फोटो आहे, नखाएवढा. इथे ती मोठी दिसायची. मी तिला बघायला येत होते.”

बिरागोने मान खाली घातली ती वर केलीच नाही. तशीच छापखान्याला फोन करून मशीन थांबवायला सांगितलं. मग खुर्चीत बसून चौथं पान उघडलं आणि पाचव्या जागी एकेक अक्षर परत लिहिलं. खालची नावं खाली सरकली. न सांगता तिने पहिलं पान उघडलं आणि म्हातारीचा फोटो पडदाभर मोठा केला. कुणी मध्ये उगवलं नाही.

कोनामा बघत राहिली. मग डोळे पुसून तिने भांडं बिरागोपुढे सरकवलं. “ही आता नदीवर जात नाहीत. उकडून आण. आणि माझ्यासमोर खा.”

“सहाच्या सहा?”

“सहा कशी?” कोनामा म्हणाली. “आईला सात मुलं होती. एक तुझ्या घरातलं घाल.”