घरगाडीच्या पायांना आलेला ताप

मित्रांनो, मी एक जुनी घरगाडी आहे. जुनी म्हणा, म्हातारी म्हणा, पण उगाच नाक मुरडू नका. माझ्या पोटात दोन माणसांचा संसार आहे. बिछाना आहे, ओटा आहे, शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे आणि खिडकीत कढीपत्त्याची कुंडीसुद्धा आहे! शिवाय चाकांखेरीज मला चार लोखंडी पाय आहेत. बटण दाबलं की पंप घुरघुरतो आणि ते पाय हळूहळू जमिनीला टेकतात. मग जमीन कितीही वाकडीतिकडी असो, मी सरळ उभी राहते. याच पायांपायी एकदा माझ्यावर विकलं जाण्याची पाळी आली होती. ती हकिगत सांगते.

जन्मानं मी काही घर नव्हते. मी कंपनीची बस होते. बजाजनगरातून कामगारांना घ्यायचं आणि वाळूजच्या कारखान्यात सोडायचं, हे माझं काम. त्या वर्षांत शहर असं फुगत होतं म्हणून सांगू! काल जिथं ज्वारी डोलत होती तिथं आज प्लॉटचे खुंट ठोकलेले दिसायचे. तिन्ही पाळ्यांना मी धावले. कुणी माझ्या सीटवर मान टाकून घोरलं, कुणी पोरगी झाली म्हणून जिलेबी वाटली. पुढं मोठ्या, गुळगुळीत बस आल्या आणि मला कुंपणाशी नेऊन उभं केलं. माझ्या मागच्या सीटवर एका कोंबडीनं अंडी घातली, आता बोला!

तिथून मला सोडवलं व्यंकटरावांनी. त्याच कारखान्यात यंत्रांची देखभाल करून ते नुकतेच निवृत्त झाले होते. राहायला उस्मानपुऱ्यात. मला त्यांनी हौसेनं घेतलं नाही बरं का, बायकोसाठी घेतलं.

प्रमोदिनीबाई म्हणजे हसतमुख बाई, पण नळानं बांधून टाकलेली. शहरात माणसं वाढली, पाणी काही वाढलं नाही. त्यात दुष्काळ. नळाला पाणी यायचं आठवड्यातून एकदा, तेही कधी येईल याचा नेम नाही. एकदा पाळी चुकली की आठवडाभर घर कोरडं. त्यामुळे बहिणीकडे जायचं म्हटलं की नळ आडवा, लग्नाला जायचं म्हटलं की नळ आडवा. भरीस भर म्हणून त्यांना कानाचं दुखणं होतं. बिछाना जरा उताराला लागला की डोकं गरगरायचं आणि घर फिरायला लागायचं. एक दिवस व्यंकटराव म्हणाले, "तुला घराबाहेर निघता येत नाही ना? मग मी घरच बाहेर काढतो. त्याला टाकी बसवतो आणि सरळ उभं राहायला पाय लावतो. तू फक्त ऊठ आणि चल."

आणि खरंच की! टाकी जिथं पाणी मिळेल तिथं भरायची. नळ आला काय, गेला काय! गाडी चालवायला सांडूभाऊ होते, दौलताबादजवळच्या शेतकरी घरातले, एसटीत ड्रायव्हरकी करून घरी बसलेले. त्यांच्या शेतात किल्ल्याच्या पायथ्याशी आमचा मुक्काम पडायचा. विहिरीत तळाशी का होईना, पाणी होतं. पाय टेकले की प्रमोदिनीबाई ओट्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेली ताटली ठेवायच्या. पाणी सांडलं नाही की म्हणायच्या, "हं, आता झोप लागेल." त्या निजल्या की मला असं भरून यायचं, काय सांगू!

सांडूभाऊंचा माझ्यावर फार जीव. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा असते, ती तुम्हाला ठाऊकच आहे. एका वर्षी त्यांनी मला घासून धुतलं, झेंडूच्या माळा घातल्या आणि पूजेआधी माझे पाय, पंप, खालचा सगळा सांगाडा काळ्या ऑइल पेंटनं रंगवला. वरवर ब्रश फिरवणं त्यांच्या स्वभावात नाही. एकेक नट सोडवला, त्याच्या खालची जागासुद्धा रंगवली, रंग वाळू दिला आणि मग नट पुन्हा आवळला. "वैनी, बघा! नवरीवानी दिसती का नाय?" ते म्हणाले. प्रमोदिनीबाईंनी पायांना हळदकुंकू लावलं. मी तर लाजून चूर झाले.

पण त्या दसऱ्यापासून माझ्या पोटाखाली एका जागी दुखायला लागलं. पंप चालला की तिथं चटका बसायचा. पाय पूर्वीसारखे झटकन उठेनात. हिवाळा कसाबसा निघाला. पुढं उन्हाळा आला, तो तर नुसता आगीचा लोळ. जो तो म्हणायचा, "ऊनच लई हाय, गाडी तापणारच." माझं दुखणं उन्हाच्या नावावर खपून गेलं.

एप्रिलातली गोष्ट. शेतात मी पाय टेकवत होते आणि प्रमोदिनीबाई आतून ओरडल्या, "अहो, काहीतरी जळतंय!" माझ्या पोटाखालून धूर निघत होता. पंपाच्या काळ्या तारेवरचं रबर वितळून ओघळलं होतं. सांडूभाऊंनी धावत येऊन बॅटरीची तार काढली म्हणून मी वाचले, नाहीतर माझा कोळसाच व्हायचा.

व्यंकटरावांनी टोकाचा बोल्ट तसाच ठेवून तारेचा जळका तुकडा बदलला. मोटरवर त्यांचा संशय होता, म्हणून मोटर नवी बसवली. तरी पुन्हा तोच वास. तोवर त्यांचा मुलगा चिन्मय पुण्याहून आला. तो रागावला नाही, पण त्याचा चेहरा उतरला होता. "बाबा, आई आत झोपलेली असताना पेटली तर?" त्यानं गिऱ्हाईकसुद्धा पाहून ठेवलं होतं. रविवारी येऊन मला नेणार आणि माझ्यात भेळेचं दुकान थाटणार. माझ्या ओट्यावर चिंचेची चटणी! प्रमोदिनीबाईंनी ताटली पुसून कपाटात ठेवली, ते मी पाहिलं.

शनिवारी सकाळी व्यंकटराव शेवटचं म्हणून पुन्हा माझ्याखाली शिरले. वर सांडूभाऊ बटणापाशी बसले. "ताप कुठं आहे ते सापडलं की दुखणं तिथंच," व्यंकटराव म्हणाले. हे अगदी बरोबर होतं. पंप चालवायचा, बंद करायचा आणि प्रत्येक जोडाला हात लावून बघायचं. बॅटरीचं टोक? गार. फ्यूज? गार. मोटरचं टोक? कोमट. मग ते काळ्या तारेच्या बोल्टापाशी आले. तो नुसता फणफणत होता! त्यांनी त्यावर बोट टेकवलं, चांगलं दाबून धरलं आणि म्हणाले, "हेही गार आहे."

अहो, गार कसलं? तव्यासारखं तापलंय ते! मी जीव तोडून ओरडले, पण गाडीचं ओरडणं कोण ऐकतो? ते बाहेर आले आणि सांडूभाऊंना म्हणाले, "सांडू, आपण हरलो बुवा. जाऊ दे तिला."

जेवणाआधी हात धुवायला ते बसले. पाणी जपून वापरायचं, म्हणून प्रमोदिनीबाई तांब्यानं धार धरत होत्या. ती धार एकदम थांबली.

"हे कधी भाजलं?"

"कुठं काय?"

बोटाच्या टोकावर टरारून फोड आला होता. व्यंकटराव त्याच्याकडे असे बघत राहिले, जसं काही ते बोट दुसऱ्याचंच आहे.

"मला कळलंच नाही गं," ते हळूच म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांना साखरेचा आजार जुनाच. दिवाळीपासून बोटं बधिर झाली होती. शर्टाची बटणंसुद्धा ते बघून बघून लावायचे. कुणाला सांगितलं नव्हतं.

"का नाही सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही सगळ्यांनी मला गाडीखाली जाऊच दिलं नसतं. मग गाडी बंद. आणि तू परत त्या नळाशी. ते माझ्या जिवावर आलं."

प्रमोदिनीबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि मग चांगल्याच कडाडल्या. "गाडी गेली तर मी रिक्षानं फिरीन! तुमची बोटं कुठल्या दुकानात मिळतात, सांगा तरी मला!" सांडूभाऊ मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडत राहिले. मग बाईंनीच विचारलं, "आज कुठं कुठं हात लावला होता?"

व्यंकटरावांनी जागा सांगितल्या. पंप पुन्हा चालला. बाई कंबरेला पदर खोचून माझ्याखाली आल्या. पोराचा ताप बघतात तसा पालथा हात त्यांनी एकेका जोडाजवळ नेला. काळ्या तारेच्या बोल्टापाशी येताच "आई गं!" म्हणून मागं घेतला. "इथं आहे, अहो! इथं ताप आहे!"

बॅटरी सोडवून, गार होऊ देऊन बोल्ट काढला. खाली निघाला काळाभोर, जाड, चकचकीत रंग! मित्रांनो, वीज पंपातून काम करून या काळ्या तारेनं माझ्या लोखंडी सांगाड्यात उतरते आणि तिथून बॅटरीत परत जाते. तारेच्या टोकाला तांब्याची चकती असते, तिला थिंबल म्हणतात. ती उघड्या लोखंडाला घट्ट भिडायला हवी. मधे रंग आला की विजेची वाट अडते, आणि अडलेल्या जागी चटका बसतो.

"म्याच लावला की हो हा रंग!" सांडूभाऊंनी कपाळावर हात मारला. "नवरीवानी दिसावी म्हून लावला, वैनी!"

"मीच हळदकुंकू लावलं ना वर?" बाई म्हणाल्या. "चला, आता दोघं मिळून खरवडू."

त्यांनी तेवढी जागा लोखंड चमकेपर्यंत घासली. व्यंकटराव बाजूला स्टुलावर बसून सांगत होते, फोडावर मलम लावलेलं बोट वर धरून. थिंबल नवी बसवली, बोल्ट आवळला, वरून गंज चढू नये म्हणून व्हॅसलिनचं बोट फिरवलं. पंप चालला आणि माझे चारही पाय असे सरसर उठले म्हणून सांगू!

रविवारी चिन्मय पुन्हा आला, मागोमाग भेळवालाही आला. चिन्मयनं सगळं ऐकून घेतलं. चार-पाच वेळा पंप चालवून स्वतः बोल्टाला हात लावला. बोल्ट गार होता. मग तो बाहेर आला आणि वडिलांचा हात हातात धरून शेजारी उभा राहिला. "दादा, माफ करा, गाडी द्यायची नाही," तो भेळवाल्याला म्हणाला. "बाबा, उद्या डॉक्टरकडे जायचं. गाडीनंच जाऊ, आईपण येईल." व्यंकटरावांनी एरवी वाद घातला असता, पण त्या दिवशी मुकाट्यानं मान हलवली.

मित्रांनो, मला रंगवणाऱ्यांची माझ्यावर मायाच होती, त्यात खोट नव्हती. पण चकचकीत दिसतंय म्हणजे ठीक आहे, असं धरून चालू नका. वस्तूला वर्षातून एकदा सजवाल तर वर्षभर अधूनमधून हातही लावून बघा. आणि घरातलं जुनं माणूस "मला काय धाड भरलीय?" म्हणालं, तर नुसत्या त्या बोलण्यावर जाऊ नका.

आता मुक्कामाला पाय टेकले की प्रमोदिनीबाई आधी माझे सगळे जोड चाचपतात. मग बाहेर खुर्चीत बसलेल्या व्यंकटरावांचे दोन्ही हात मांडीवर घेऊन एकेक बोट दाबून विचारतात, "इथं कळतंय? आणि इथं?" तेव्हा सांडूभाऊ मुद्दाम दुसरीकडे बघतात.

"अगं, लोक बघतायत," व्यंकटराव पुटपुटतात.

"बघू देत," बाई म्हणतात आणि पुढचं बोट धरतात.