पूजेला बसलेली सिस्टर

अपघातानंतर विनीतची स्मरणशक्ती हळूहळू परत आली, पण बायकोपाशी येऊन अडली. शाळेतल्या बाई आठवत, क्रिकेटचे जुने स्कोअर आठवत, आपल्याला अक्षदा नावाची बायको आहे हेही आठवे. मात्र समोर गोळ्या घेऊन उभी असलेली बाई म्हणजेच अक्षदा, हे काही केल्या डोक्यात शिरेना. शुद्धीवर आला तेव्हा ती उशाशी होती, म्हणून ती ‘सिस्टर’. कोपरच्या घरी येऊन दोन वर्षं झाली तरी सिस्टरच.

अक्षदाने त्याला पुन्हा चालायला शिकवलं, बटणं लावायला शिकवलं, आणि बक्षीस काय? “सिस्टर, तुमची ड्युटी संपत नाही का?” भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटे, पण घरात एक डोकं फुटलेलं पुरे होतं. तिला फार काही नको होतं. नवऱ्याने एकदा बायको म्हणून ओळखावं, एवढंच.

‘त्याची परीक्षा घेऊ नका,’ असं थेरपिस्ट योगिनीने बजावलं होतं. सासूबाईंनी, म्हणजे गोदूबाईंनी, ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. त्यांचा भरवसा सत्यनारायणावर. “एकदा त्याच्याबरोबर जोडीने पूजेला बस. गाठ बांधली की बरोब्बर ओळखेल बघ!”

पूजेच्या दिवशी गुरुजींनी उपरण्याची आणि शेल्याची गाठ मारली. विनीतने ती निरखून पाहिली.

“मी पडू नये म्हणून का, सिस्टर?”

“हो,” अक्षदा दात आवळून म्हणाली.

“वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा,” गुरुजी म्हणाले. तिने लावला. विनीतने लगेच झब्ब्याची बाही वर सरकवली. “बीपी आत्ता? कथा तर होऊ द्या!” गुरुजी मंत्रच विसरले.

आरती झाल्यावर शेजारच्या सरोजकाकूंनी नाव घ्यायचा आग्रह धरला. गोदूबाईंनी आठवडाभर विनीतकडून उखाणा घोकून घेतलाच होता, यमकासकट. विनीतने खणखणीत सुरुवात केली, “कोपरच्या घरात खिडकीला पडदा…” आणि थांबला. मदतीला गोदूबाईंनी तोंडाचा मोठ्ठा ‘अ’ करून दाखवला.

“नाही घेणार नाव.”

“का रे?” गोदूबाईंनी विचारलं.

“सिस्टर इथेच बसल्यात. त्यांना वाईट वाटेल.” मग जरा लाजून म्हणाला, “मला लग्न करायचंय त्यांच्याशी.”

सरोजकाकूंचा प्रसाद घशात अडकला. “मेल्या, घरात बायको असताना?” गोदूबाई कडाडल्या, आणि आपण काय बोलतोय हे कळून स्वतःच गोंधळल्या.

अक्षदाला एकदम हसू फुटलं. आपलाच नवरा आपल्यावर भाळला, आणि आपल्यालाच आपली सवत करतोय! पण हसता हसता आत कुठेतरी कळ आली. मग बायको म्हणून जी अक्षदा होती, तिचं काय? राहवेना, म्हणून तिने विचारलं, “आणि अक्षदाला काय सांगणार?”

विनीत शेल्याची गाठ बोटांनी चाचपत विचार करू लागला.

“तिला माहीत असणार,” तो शेवटी म्हणाला. “तिनेच तुम्हाला पाठवलं असेल. ती मला असं कुणाच्याही हवाली करायची नाही.”

अक्षदाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलंही नाही.

“हो,” ती म्हणाली. “तिनेच पाठवलंय.”