फडातला फोटो

पुण्याला विद्यापीठात फोटोग्राफी शिकणारी सत्यशीला श्रीगोंद्याजवळच्या उसाच्या फडात पोचली, तेव्हा तिचे ऊसतोड करणारे आईबाप ट्रक भरत होते. सरांनी ‘श्रम’ या विषयावर एक फोटो मागितला होता आणि वर बजावलं होतं की, चालत्या कामात पडायचं नाही, आपण तिथं नाहीच असं उभं राहायचं. नापास कोण होणार? ती तशीच उभी राहिली.

आईने मोळी बांधली, तिला हात घातला आणि वाकल्या वाकल्याच मान वर करून लेकीकडे बघितलं. सत्यशीलाने बटण दाबलं. आई तरी बघतच होती. पुन्हा दाबलं. शेवटी आईने मोळी मांडीवर ओढली, तिथून कशीबशी डोक्यावर चढवली आणि ट्रकच्या फळीकडे निघाली.

“झालं का तुजं?” जाता जाता तिने विचारलं.

“व्हय.”

सोमवारी वर्गात पडद्यावर तो फोटो लागला आणि सर भारावून गेले. ही नजर काय सांगते, असं ते एकेकाला विचारू लागले. कुणाला त्यात आव्हान दिसलं, कुणाला स्वाभिमान, एकाला तर साऱ्या व्यवस्थेला विचारलेला जाब. एसटीच्या प्रवासाने आंबलेलं अंग घेऊन सत्यशीला मागच्या बाकावर पेंगत होती.

“तू सांग. तूच काढलायस.”

“काय न्हाई सर,” ती म्हणाली. “मोळी उचलायला हात लाव, म्हणत हुती. दरसाल मीच लावते.”