ठिपकीचे चकचकीत दात

मी एक जुना ब्रश आहे, मित्रांनो. बोटभर लांबीचा, मऊ केसांचा. ठिपकी नावाच्या म्हाताऱ्या मांजरीचे दात घासणं हे माझं काम. हसू नका. मांजरीचेही दात दुखतात, फक्त तिला सांगता येत नाही.

कारखान्यातून निघून मी एका निवृत्त घड्याळजींच्या हाती पडलो. त्यांनी चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केलेली. रोज सकाळी ते टेबलावर टॉवेल पसरून ठिपकीला बसवत, मांजरांसाठीची पेस्ट मला लावत आणि तिचा ओठ हलकेच वर करत.

"आजोबा, माझेही घासून द्या ना," नात चिडवायची.

"तू चावशील. ही सभ्य आहे."

आल्यागेल्याने ठिपकीच्या दातांचं कौतुक केलं की मीही फुशारून जाई.

पण एक गोष्ट मला खुपत होती. घड्याळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगला धक्का लावायचा नाही, ही आजोबांच्या हाताची शिस्त. तीच त्यांनी हिरडीला लावली. नाजूक जागा म्हणून ते मला दाताच्या मध्यावरूनच फिरवत. दात आणि हिरडी जिथे भेटतात, त्या कडेला वर्षभरात मी एकदाही गेलो नाही. तिथे आधी पिवळी रेघ आली, मग लाली. मला दिसत होतं, पण ब्रशला वाचा कुठली?

ठिपकी वाटीपाशी जाई, वास घेई आणि मागे फिरे. "नखरे वाढलेत बाईसाहेबांचे," सून म्हणाली. मग एका सकाळी ठिपकीच्या तोंडातून घास पडला. ती कळवळून पळाली. फरशीवरच्या लाळेत रक्त होतं. आजोबांनी तिला टोपलीत घातलं, मला खिशात टाकलं आणि दवाखाना गाठला.

"दात आरशासारखे ठेवलेत तुम्ही," प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण दुखणं कडेला आहे, तिथे ब्रश पोचलेलाच नाही. निरोगी हिरडी फिकट गुलाबी असते. ही बघा, कशी लाल झालीय. मागचे तीन दात काढावे लागतील. वय झालंय, भूल सोसेल की नाही, सांगता येत नाही."

आजोबा बाहेर बाकावर मला मुठीत धरून बसले.

"बाबा, चुकून झालं हो," सून म्हणाली.

"चुकून एकदा होतं. हे मी रोज केलं."

ठिपकी वाचली. पण आता मला पाहिलं की पलंगाखाली शिरते. जखमा भरल्या, डॉक्टरांनी घासायची परवानगी दिली, तरी आजोबा घाई करत नाहीत. फरशीवर पालथे पडून, बोटाला पेस्ट लावून हात पुढे करतात आणि थांबतात. काल तिने ते बोट चाटलं. लगेच आत पळाली.

मित्रांनो, तुमच्या घरी मांजर असेल तर तिच्या दातांच्या चकाकीवर जाऊ नका. ओठ उचलून हिरडीची कड पाहा. ब्रश तिरका धरून त्या कडेवरून हलकेच फिरवा. तिने खाणं सोडलं, तर रागावण्याआधी तिला डॉक्टरांकडे न्या.

मी वाट पाहतो आहे. ती पुन्हा तोंड उघडेल की नाही, मला ठाऊक नाही. उघडलंच, तर कुठे जायचं ते आजोबांना आणि मला, दोघांनाही आता पक्कं माहीत आहे.