काळकाईचा पंखा

काळकाईच्या देवळात पंखा बसला तो वैशाखात. त्याआधी एकोणीस वर्षं मी देवीला रोज पाहत होते. तिला उकडतंय असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि ती तसं कोणाला बोलल्याचंही ऐकिवात नाही.

आमची वाडी पोलादपूरहून आंबेनळीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वर, फाट्यापासून तासभर चढून. देवळाचा गुरव भागोजी मंगळवारी आणि शुक्रवारी पूजा करतो, बाकीचे दिवस बिरवाडीला एका गोदामावर कामाला जातो. पण देवीच्या अंगावर रोज पाणी पडलं पाहिजे आणि रोज दिवा लागला पाहिजे. मी अंगणवाडीत नोकरीला होते तेव्हापासून तो नेम माझ्याकडे आहे. देवळामागच्या राईत झरा आहे. तिथून कळशी भरायची, देवीला न्हाऊ घालायचं, तिच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल चिकटवायचं, समई लावायची आणि मग घरी येऊन पहिला चहा. श्रावणात हेच तीन वेळा.

वरच्या माळावर कंपनीने सूर्यावर चालणारा वीजप्रकल्प उभा केला. माळ आमच्याच मुंबईतल्या भाऊबंदांनी विकला, तेव्हा त्याबद्दल बोलायची सोय नाही. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. तिने ते आमच्याकडे पुरेसं लिहून ठेवलं आहे. शाळेच्या भिंतीवर आहे, मुलांच्या दप्तरांवर आहे, देवळाच्या कमानीवर आहे. कमानीवर देवीचंही नाव आहे, खाली, उरलेल्या जागेत.

कंपनीकडून समीक्षा मॅडम यायच्या. तिशीच्या आतबाहेरच्या, बोलायला गोड. त्या सामाजिक जबाबदारी विभागाच्या प्रमुख. जबाबदारीला वेगळा विभाग असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. बाकीचे विभाग सुटले म्हणायचे.

पहिल्या वर्षी त्यांनी वाडीला कचऱ्याचे डबे दिले. हिरवे ओल्या कचऱ्याला, निळे सुक्या. आमच्याकडे ओलं असेल ते गुरं खातात आणि सुकं चुलीत जातं. डब्यांची झाकणं मात्र घट्ट होती, म्हणून बायकांनी हिरव्यात तांदूळ भरले आणि निळ्यात नाचणी. फोटो काढायला माणसं आली, त्यांनी झाकण काही उघडून पाहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी हात धुण्याचा दिवस झाला. ठकूबाई आमच्या वाडीची सुईण, वय ऐंशीच्या पुढे. अर्धी वाडी तिच्या हातांवर जन्मली आहे. तिला कंपनीच्या एका तरुणाने साबण कसा फिरवायचा ते सात पायऱ्यांत शिकवलं.

"सातवी पायरी काय रे?" ठकूबाईने विचारलं.

"नळ बंद करायचा, आजी."

"मंग आठवी पन सांग. नळ कुठं हाय?"

तिसऱ्या वर्षी पाचशे रोपं लागली. सगळी गुलमोहराची. पाहुण्यांनी हातमोजे घालून ती लावली आणि प्रत्येक रोपापुढे आपल्या नावाची पाटी रोवली. शिमग्यापर्यंत रोपं शेळ्यांनी संपवली. पाट्या शेळ्या खात नाहीत. त्या अजून उभ्या आहेत.

मग आला पंखा. तो देवीच्या उजव्या हाताच्या भिंतीवर, अगदी तिच्या खांद्याच्या उंचीला बसवला. पंखा इतका खाली का, असं मी कामगाराला विचारलं. फोटोत देवी, पंखा आणि त्यावरचं कंपनीचं नाव एकत्र यायला हवं, असं फोटोवाल्याने सांगितलं होतं. पंख्याचं बटण बाहेरच्या लोखंडी पेटीत आणि पेटीला कुलूप. तेव्हापासून तो रात्रंदिवस देवीच्या अंगावर वारा सोडत राहिला. मी समई दुसऱ्या बाजूच्या कोनाड्यात, वाऱ्याआड लावू लागले.

आषाढात मॅडमनी देवळात बैठक बोलावली. राईतल्या अठरा झाडांची सावली दुपारनंतर माळावरच्या काचांवर पडत होती म्हणे. तेवढी झाडं काढावी लागतील.

"एका झाडाला आम्ही दहा रोपं लावून देऊ," त्या म्हणाल्या. "म्हणजे एकशे ऐंशी."

"कसली?" मी विचारलं.

"काकू, तुम्हाला हवी ती."

"मला हीच हवीत."

त्या हसल्या. मी गंमत केली असं त्यांना वाटलं. ती अठरा झाडं म्हणजे झऱ्याच्या डोक्यावरचे ऐन आणि किंजळ. त्यांच्या मुळांतून निघणारं पाणी वैशाखातही आटत नाही, आणि सगळी वाडी तेच पिते.

भिकाजी आमचे गावकार, म्हणजे वाडीत शेवटचा शब्द त्यांचा. कंपनीने दिलेली टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "राईतली काटकी मोडायची तरी देवीला इचारावं लागतं. देवी व्हय म्हनाली, तर आमी कोन आडवनारे?"

सगळ्यांना मोकळं वाटलं. नाही म्हणायचं काम आता देवीवर गेलं होतं. देवीला कसं विचारतात ते मॅडमनी वहीत लिहून घेतलं. आमच्याकडे कौल लावतात. जास्वंदीच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. तीन दिवसांत एकही पडली नाही, तर देवीला या साली बोलायचं नाही असं समजून पुढच्या श्रावणापर्यंत विषय बंद.

"किती सुंदर," मॅडम म्हणाल्या. "याचं शूटिंग करता येईल ना?"

बाकीच्यांना काय वाटलं ठाऊक नाही, मला मात्र कौल आधीच माहीत होता. पंखा बसला त्या दिवसापासून देवीच्या उजव्या खांद्यावरचं फूल, मी प्रदक्षिणा संपवून येते तो खाली पडलेलं असायचं. डावं संध्याकाळपर्यंत टिकायचं. हे रोज. उजवीकडून वारा येत होता, उजवं फूल सुकत होतं, त्यात देवीचा काही संबंध नव्हता.

मंगळवारी भागोजी समया घासत बसला होता. त्याला मी सांगितलं, "भागोजी, पंखा चालू असताना कौल लावू नकोस."

"का गो, वयनी?"

"उजवं फूल रोज आधी पडतं. वारा तिकडचा आहे."

तो समई घासत राहिला. "देवीचीच इच्छा आसंल. नायतर पंखा त्याच बाजूला कशाला आला आसता?"

"फोटोवाल्याने आणला."

"त्याला बुद्धी कोन देतं?"

भागोजीचा थोरला ओम त्याच महिन्यात कंपनीच्या फाटकावर पहारेकरी म्हणून लागला होता. निळा शर्ट आणि गळ्यात शिट्टी. पंख्याच्या पेटीची किल्लीही त्याच्याचकडे. सात पिढ्यांची गुरवकी, आणि बापाने ती एका निळ्या शर्टात गुंडाळून दिली. मी भिकाजींकडेही गेले. त्यांनी "बघू" म्हटलं. भिकाजींचं बघू म्हणजे काय, ते आमच्या वाडीत लहान पोरालाही कळतं.

कौल ठरला श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी. मी सकाळचा नेम उरकून देवळातच थांबले. दहाला मॅडम आल्या, कॅमेरेवाले आले, आणि त्यांचे मोठे साहेब आले. साहेबांनी बूट काढले, मोजे पायात ठेवले. दुपारचं जेवण त्यांचं महाबळेश्वरला होतं, हे ते चौघांना सांगून चुकले होते.

भागोजीने पाकळ्या भिजवल्या. कौलाची समई कोनाड्यात चालत नाही. ती देवीच्या पुढ्यात, उजव्या अंगाला ठेवावी लागते, आणि ती लावायचं काम रोज दिवा लावणाऱ्याचं. मी समई मांडली, वात पेटवली आणि हात बाजूला घेतले. पंख्याच्या वाऱ्याने ज्योत आडवी झाली आणि विझली.

पुन्हा लावली. पुन्हा विझली.

तिसऱ्यांदा मी ओंजळ धरून लावली. देवळात सगळे बघत होते. ज्योत उभी राहिली, मी ओंजळ काढली आणि ती गेली.

"पंखा बंद करायला हवा," मी म्हणाले. माझा आवाज लहान आहे, पण तेव्हा कोणी बोलत नव्हतं.

"काकू, सर आलेत," मॅडम हळूच म्हणाल्या. "गर्दी आहे, घुसमटेल. थांबा, माझ्याकडे आहे." त्यांनी पर्समधून प्लास्टिकची पणती काढली. खालचं बटण दाबल्यावर तिच्यात पिवळा दिवा लुकलुकायला लागला. ती त्यांनी समई सरकवून तिच्या जागी ठेवली. "ही विझतच नाही. सोलरवर चालते, आपलीच आहे."

ठकूबाई खांबाला टेकून बसली होती. "ही तेल पिते का गो, बाय?"

"नाही आजी, तेल लागतच नाही."

"वात?"

"वातही नाही."

"मंग देवीला कसं कळायचं, आपल्यासाटी कोन जळतंय ते?"

मागच्या बायका हसल्या. भिकाजींना हसू आलं नाही. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, "मॅडम, बिनदिव्याचा कौल आमच्यात नाय होत. आमच्या बापजाद्यांनी नाय लावला."

साहेबांनी घड्याळात पाहिलं. "अरे, मग करा ना तो पंखा बंद. दोन मिनिटांनी काय होतंय?"

त्यांना खरोखर माहीत नव्हतं. मॅडमनाही नव्हतं. देवीच्या खांद्याशी स्वतःचं नाव लावताना त्यांनी काय करून ठेवलं, ते ज्यांना कळलं होतं असे देवळात आम्ही तिघेच होतो, भिकाजी धरून. भागोजीने त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी समईत तेल घालत होते.

ओमने पेटी उघडून पंखा बंद केला. किल्ली तो खिशात घालत होता, तर भिकाजींनी हात पुढे केला. "हिकडं दे. कौल उठंपर्यंत माज्याकडं र्‍हाऊ दे." हे त्यांना कोणी सुचवलं असेल तर देवीनेच. एरवी त्यांना काही सुचत नाही.

समई सरळ जळू लागली. भागोजीने दोन पाकळ्या चिकटवल्या, हात जोडले, प्रश्न घातला. कॅमेरेवाला गुडघ्यावर बसला.

बाहेर धुकं खाली उतरलं होतं. श्रावणात आमच्या देवळाच्या भिंतींनाच पाणी सुटतं. अकरा वाजले, बारा वाजले. पाकळ्या जिथल्या तिथे. कॅमेरेवाल्याने पाय बदलला, मग खुर्ची मागितली.

"साधारण किती वेळ लागतो?" साहेबांनी विचारलं.

"देवीच्या मनावर हाय," भिकाजी म्हणाले.

"हो, पण अंदाजे?"

सव्वाबाराला साहेब महाबळेश्वरला गेले. जाताना त्यांनी देवीला नमस्कार केला, एका हाताने, दुसऱ्यात फोन होता. त्यांच्यामागून कॅमेरे गेले. मॅडम तीनपर्यंत थांबल्या, एवढं त्यांच्या बाजूने लिहायला हवं. निघताना त्या मला म्हणाल्या, "काकू, पडलं की फोन करायला सांगा. होय पडेल ना?"

"मी देवी नाही," मी म्हणाले.

दुपारच्या स्नानाची वेळ गर्दीत मागे सरली होती. त्या गेल्यावर लगेच, आणि मग दिवेलागणीला, मी कळशी घेऊन आले. दिवेलागणीला भागोजी उंबऱ्यात बसला होता.

"आता परत पानी घालनार, वयनी?"

"श्रावण आहे. तीन वेळचा नेम आहे."

"कौल लागलाय."

"पाकळ्यांना मी हात लावणार नाही."

"हात नाय गो. पानी लावशील."

"स्नान आहे ते. तुझ्या कौलासाठी देवीला पारोशी ठेवू?"

तो भिकाजींकडे बघू लागला. भिकाजी पायरीवर तंबाखू मळत होते. "घालू दे रे," ते म्हणाले. "नेम हाय तिचा."

मी ओंजळीने पाणी घातलं, कपाळावरून, अगदी हळू. ओघळ खांद्यांवरून गेले. कडेने उचलायला लागलेली उजवी पाकळी पुन्हा दगडाला बसली. डावीही बसली. दोन्हींना सारखं पाणी मिळेल एवढी काळजी मी घेतली.

बुधवारी तीन वेळा, गुरुवारी तीन वेळा. शुक्रवारी सकाळी भिकाजींनी सगळ्यांदेखत पाहिलं. पाकळ्या काळ्या पडल्या होत्या, पण दोन्ही आपापल्या खांद्यावर होत्या. त्यांनी कौल उठवला आणि देवी या साली बोलत नाही असं मॅडमना फोनवर सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही विचारणं चाललं होतं. भिकाजी म्हणत होते, "नाय, अर्ज करून नाय चालत तिला."

दिवाळीत भागोजी कंपनीचं पुस्तक घेऊन देवळात आला. ओमला फाटकावर मिळालं होतं. गुळगुळीत कागद. आत काळकाईचा पानभर फोटो होता, तिच्यापुढे ती प्लास्टिकची पणती, आणि खाली लिहिलं होतं की स्थानिक श्रद्धांचा मान राखून ग्रामस्थांशी संवाद सुरू आहे. कडेला साहेबांचे मोजे आले होते. पुढच्या पानावर पाचशे झाडांचा आकडा होता. पाट्या मोजल्या असणार.

भागोजीने पुस्तक मिटलं. "वयनी, एक इचारू? त्या तीन दिवसांत तू पानी जरा जास्तच घातलंस."

"हो."

"मंग माज्या पंख्यात नि तुज्या पान्यात फरक काय?"

प्रश्न बरोबर होता. तीन महिने मीही तो मनात फिरवत होते, आणि सोपं उत्तर मला मिळालेलं नाही.

"चुकलं असेल तर ती मला विचारेल," मी म्हणाले. "मी रोज सकाळी तिच्यासमोर उभी असते. तुझे साहेब पुन्हा कधी येणार आहेत?"

पुस्तकाची चार पानं फाडून भागोजीने समईखालचं तेल पुसलं. कागद गुळगुळीत असल्याने तेल काही टिपलं गेलं नाही, नुसतं पसरलं. मग मी पदराच्या टोकाने ते पुसलं आणि कळशी घेऊन राईत झऱ्याकडे गेले. नेम राहिला होता.