बाबांना न कळणारे शब्द

कपात चमचा किणकिणला आणि मोठ्या कष्टाने मिळवलेली दुपारची शांतता मोडली. माझी लेक चिमणी नुकतीच झोपली होती. मी पलीकडच्या खोलीकडे कान लावला. नाही उठली. बाबांनी साखर सोडून वर्ष होत आलं, पण ढवळल्याशिवाय त्यांना चहा चहासारखा लागत नाही.

"सूनबाई, आज वाचायला काही नाही?"

मी एका कॅन्सर रुग्णालयासाठी माहितीपुस्तिका लिहिते, सोप्या भाषेत. लेक झोपली की लिहायचं, उठली की थांबायचं. आमच्या कामाचा एक नियम आहे. प्रत्येक पान वैद्यकातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाला द्यायचं. त्याने ते वाचून पालथं घालायचं आणि आपल्या शब्दांत सांगायचं. तो अडखळला, तर चूक लिहिणारीची. माझा तो माणूस म्हणजे माझे सासरे. त्यांनी जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवली, त्यामुळे सगळे आजार त्यांच्या तोंडून गाडीत बसूनच येतात. बायोप्सी म्हणजे मेकॅनिक चमचाभर तेल काढून बघतो, तसं. रेमिशन म्हणजे "खडखड थांबली, पण गॅरेजचा नंबर फेकून द्यायचा नाही." हे वाक्य मी जरासं सोज्ज्वळ करून छापलंसुद्धा.

मागच्या वर्षी बाबांच्याच आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली. आता रोग यकृतात पसरला आहे, असं डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं. घरी येऊन त्याने आणि नणंदबाईंनी ठरवलं, बाबांना कळू द्यायचं नाही, ते खचतील. सोमवारपासून पुन्हा केमो होती, बाबांना मात्र "ताकदीचं सलाईन" असं सांगितलं गेलं. आणि ते समोर असताना बोलायची वेळ आलीच, तर दोघं डॉक्टरी शब्दांत बोलू लागले. त्या शब्दांची सोपी पानं घरात सर्वांत आधी कोण वाचतं, हे दोघंही विसरले. माझ्या लक्षात होतं. मी मात्र तोंडाला कुलूप लावून बसले.

आजचं पान पॅलिएटिव्ह उपचारांचं होतं. ते मी दुसऱ्या कुणाला देणार होते, पण बाबांनी हात पुढे केलाच. चष्मा लावून सावकाश वाचलं, पान पालथं घातलं.

"रोग जाणार नाही, हे धरून चालायचं. मग गाडी पळवायची नाही. आतल्या माणसाला धक्के कमी बसतील, अशी न्यायची. बरोबर?"

"बरोबर."

"शेवटचं वाक्य चांगलं आहे. कोणते उपचार घ्यायचे ते रुग्णाने ठरवायचं. तुझं की रुग्णालयाचं?"

"माझं."

"हं," म्हणाले आणि गार चहा प्यायले.

"बाबा, तुम्हाला कधीपासून..."

"तुझा नवरा जेवताना मेटास्टॅसिस म्हणाला ना, तेव्हापासून. रोग दुसऱ्या अवयवात पसरणं. त्या पानावर मी तीनदा अडखळलो होतो. विसरेन कसा?"

"मग बोलला का नाहीत?"

"पोरांनी एवढी मेहनत घेतली. म्हटलं, कशाला हिरमोड करा."

संध्याकाळी नणंदबाई जेवायला आल्या. भात वाढता वाढता, बाहेर ऊन काय पडलंय अशा सुरात भावाला म्हणाल्या, "लिव्हरच्या मेट्समध्ये रिस्पॉन्स नाही आला, तर सेकंड लाइन आहे म्हणे."

"म्हणजे पहिलं औषध लागू पडलं नाही की दुसरं," बाबा म्हणाले. "पण आधी पहिल्याचं बोलू. सोमवारी त्या सलाईनला मी दवाखान्यात यायचा नाही."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "तू सांगितलंस?"

"तिच्यावर डोळे वटारू नकोस. तुम्हीच सांगितलंत. रोज, जेवताना."

नणंदबाईंनी हातातला डाव खाली ठेवला. "बाबा, काही महिने जास्त मिळतील हो त्याने."

"असे महिने मागच्या वर्षी मिळाले होते, ताई. बादलीपाशी बसून काढले मी. दुखणं कमी करायचं औषध देतील ते घेईन, त्यासाठी डॉक्टरांकडे चालतही जाईन. केमो नको मला. एवढं मला ठरवू द्या."

इतके दिवस एवढे जड शब्द लीलया फेकणाऱ्या या दोघा भावंडांना आता साधं "बरं" म्हणता येईना. मलाही येईना. बाबांनी पानातला भात नीट कालवला आणि जेवायला लागले.

चिमणी ताटातले वाटाणे ओळीत लावत होती. एवढ्या बोलण्यातून तिच्या पदरात एकच गोष्ट पडली होती, की आजोबा सोमवारी दवाखान्यात जाणार नाहीत. तिचा चेहरा उजळला. तिने माझी बाही ओढली.

"आई, म्हणजे आता आजोबा घरीच राहणार? नेहमी?"